छावणीतला रविवार

शाळेतल्या मुलांना सैनिकाचे चित्र काढावयास सांगितले, की ती रोखलेली बंदूक काढतात, रणगाडा काढतात, डोंगरमाथ्यावर फडकणारा तिरंगा काढतात. बादलीत मोजे भिजत घालून त्यांच्याकडे पाहत बसलेला सैनिक कोणी काढीत नाही. कोणी काढावा, अशी अपेक्षाही नाही. पण ज्या घरचे मूल सैन्यात आहे, त्या घराला हळूहळू उमगत जाते, की सैनिकाच्या आयुष्यातले बहुतेक दिवस या दुसऱ्या चित्रातले असतात. लढाई ही क्वचित येणारी गोष्ट. वाट पाहणे हे रोजचे काम.

आमचा धाकटा मुलगा अग्निवीर म्हणून सैन्यात दाखल झाला, त्याला आता तिसरे वर्ष सरत आले. तेल्हाऱ्याहून एस.टी.ने अकोला आणि अकोल्याहून रेल्वेने उत्तरेकडे, एवढाच त्याचा रस्ता आम्हांस ठाऊक आहे. पुढचे ठिकाण तो सांगत नाही, आम्ही विचारीत नाही. तो नियम त्याचा आहे तसा आमचाही. रविवारी संपर्क मिळाला तर त्याचा फोन येतो. आई विचारते, "काय चालू आहे रे?" आणि तिकडून आमच्या वऱ्हाडी बोलीतले उत्तर येते, "काई नाई वं माय. आज काईच नाई. वेळ काढून राह्यलो." मग ती विचारते, "जेवला का?" तो म्हणतो, "हो, जेवलो." एवढ्यावर तिचा रविवार साजरा होतो. फोन ठेवल्यावर ती शेजारणीला सांगते, "आज काहीच नाही म्हणाला," आणि हे सांगताना तिच्या चेहऱ्यावर जे समाधान असते, ते दिवाळीतही दिसत नाही.

आता त्याच वाक्याची दुसरी बाजू. मागच्या पावसाळ्यात त्याने आम्हांस एकट्याला फोनवर घेतले आणि म्हणाला, "बाबा, चार सालातला आणखी एक दिवस असाच गेला. ह्या दिवसाचा हिशोब कुठी लावू मी?" त्याच्या आईला जे 'काही नाही' देवाच्या कृपेसारखे वाटते, तेच 'काही नाही' त्याला तोट्यासारखे वाटत होते. शब्द एकच, पण तो उच्चारणाऱ्याचे आणि ऐकणाऱ्याचे काळीज निरनिराळे. या लेखाला कारण तो प्रश्न आहे.

त्याचा हिशेब समजून घ्यावयाचा, तर त्याच्या नोकरीचे स्वरूप ध्यानात घ्यावे लागेल. १४ जून २०२२ रोजी केंद्र सरकारने अग्निपथ योजना जाहीर केली. तरुणांना चार वर्षांसाठी सैन्यात घ्यावयाचे, मुदत संपली की त्यांतील पंचवीस टक्क्यांपर्यंत मुलांना पुढील नियमित सेवेसाठी निवडावयाचे आणि बाकीच्यांना सुमारे ११ लाख ७१ हजार रुपयांचा सेवानिधी देऊन निरोप द्यावयाचा, अशी त्या घोषणेची रूपरेषा होती. वर्षाला ३० दिवस रजा. पूर्वी शिपाई पंधरा वर्षे नोकरी करून निवृत्तिवेतन घेऊन गावी परतत असे. त्याला एखादा रिकामा रविवार जड जात नसे, कारण त्याच्यापुढे असे शेकडो रविवार उभे असत. चार वर्षांत रविवार येतात २०८. ते मोजता येतात, आणि जे मोजता येते ते खर्च होताना दिसते. योजना चांगली की वाईट, हा आमचा येथे विषय नाही. त्याची चर्चा करणारे जाणते लोक पुष्कळ आहेत. चौघांतला एक राहणार आणि तिघे परतणार, हे ज्याला पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे, त्या बावीस वर्षांच्या मुलाला निवांत दिवस निवांत कसा वाटावा, एवढाच आमचा प्रश्न.

रजेवर आला असताना त्याने तुकड्यातुकड्यांनी सांगितलेल्या गोष्टींवरून त्या दिवसाचे चित्र आम्ही जुळवले आहे. रविवारी सकाळची कवायत नसते. तरी झोप मात्र नेहमीच्या वेळीच उघडते. शरीराला रविवार कळत नाही. लंगरात पुरीभाजी असते. मग कपडे धुणे, दाढी, एकमेकांचे केस कापणे, तुटलेले बटण लावणे, बुटांना पॉलिश. शस्त्र रोज साफ होते, तसे त्या दिवशीही होते. ऊन असेल तर अंथरुणे उन्हात टाकावयाची. त्यानंतर खरी दुपार सुरू होते. कोणी कॅरम मांडतो, कोणी पत्ते, कोणी मोबाइलवर लूडो. कोणी खाटेवर पडून छताकडे पाहतो. केरळचा एक मित्र वहीत घराचा नकाशा काढीत असतो. घर अजून बांधलेले नाही, जागाही घेतलेली नाही. पण स्वयंपाकघराची खिडकी कोणत्या दिशेला असावी, यावर दोघांचा वाद मात्र तीन रविवार चालला. चार वाजले की व्हॉलीबॉल. संध्याकाळी गणती होते, उद्याची कामे वाचून दाखवतात आणि रविवार संपतो.

या सगळ्यात एक गोष्ट मात्र थांबत नाही. पहारा. दोन तास उभे राहावयाचे, चार तास विसावा, पुन्हा दोन तास. कॅरमच्या डावातून एकजण उठतो, पट्टा आवळतो, शिरस्त्राण घालतो आणि जातो. जो परत येतो तो त्याच्या जागी डावात बसतो. सोंगट्या त्याच असतात, माणसे बदलतात. आघाडीच्या चौकीवर तर पहाटे उजाडण्याच्या आधी आणि संध्याकाळी अंधार पडताना सर्वांनीच आपापल्या जागी सज्ज व्हावयाचे असते, कारण हल्ल्याची शक्यता त्या संधिप्रकाशात अधिक. उजेड स्पष्ट झाला, काही घडले नाही, की सगळे चहाला जातात. वर्षात असे शेकडो वेळा घडते. शेकडो वेळा सज्ज व्हावयाचे आणि शेकडो वेळा चहाला जावयाचे. हेच ते काम.

ही वाट पाहण्याची परंपरा जुनी आहे. जे आज फोन करतो, ते पूर्वी पत्र करीत असे. ५६ ए.पी.ओ. किंवा ९९ ए.पी.ओ. असा पत्ता असलेली आंतर्देशीय पत्रे ज्या घरांत आली आहेत, त्यांना हे सांगावयास नको. त्या पत्त्यावरून मुलगा कोठे आहे हे कळत नसे, तो आहे एवढेच कळे. ३ ऑक्टोबर १९५७ रोजी विविध भारती सुरू झाली आणि तिच्या 'जयमाला' कार्यक्रमाने फौजी बांधवांच्या संध्याकाळी सुरेल केल्या. घरी तोच कार्यक्रम लावून आया बसत; आपण ऐकतो आहोत तेच गाणे या क्षणी तोही ऐकत असेल, या कल्पनेने. १९०९ साली 'फौजी अखबार' या नावाने निघालेले आणि १९५४ पासून 'सैनिक समाचार' म्हणून ओळखले जाणारे पत्र मराठीसह तेरा भाषांत वाचावयास मिळे. सैन्याला बंदुकांइतकीच गाण्याची आणि वाचनाची तजवीज का करावी लागते? कारण सेनापतींना ठाऊक असते, की रिकामी दुपार हाही एक शत्रू आहे.

मराठी सैनिकाने वाट पाहण्याची सर्वांत कठोर परीक्षा दिली ती आपल्या देशापासून दूर, मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये. पहिल्या महायुद्धात तैग्रीस नदीच्या वळणावरील कुत-अल-अमारा या गावात ब्रिटिश हिंदी फौजेला तुर्कांनी वेढले. ७ डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६, असा जवळजवळ पाच महिने तो वेढा चालला. त्या फौजेत १०३ वी आणि ११० वी मराठा लाइट इन्फन्ट्री आणि ११७ वी मराठा पलटण होती. आपल्या सह्याद्रीतली, कोकणातली, देशावरची ही माणसे. आरंभीच्या आठवड्यांत हल्ले झाले, ते त्यांनी परतवले. त्यानंतर उरले ते केवळ वाट पाहणे. सुटकेसाठी येणाऱ्या फौजेच्या तोफा दूरवर ऐकू येत आणि पुन्हा शांत होत. धान्याचे माप उतरत गेले. घोडे मारून खाण्याची पाळी आली, तेव्हा आपल्या आचारधर्मापायी अनेक हिंदी शिपायांनी ते मांस शेवटच्या आठवड्यांपर्यंत नाकारले. अखेर सुमारे १३ हजार सैनिक शरण गेले आणि त्यांतील कित्येकांचा अंत बंदिवासात झाला. शौर्य म्हणजे धावून जाणे, एवढाच अर्थ आपण करतो. त्या दिवसांत जे लागले त्यालाही शौर्यच म्हणावे लागेल.

आजच्या काळातील उदाहरण सियाचीनचे. एप्रिल १९८४ मध्ये भारतीय सेना त्या हिमनदीवर गेली. नोव्हेंबर २००३ पासून तेथे युद्धविराम आहे. तोफा थांबल्या, पण चौक्या रिकाम्या झाल्या नाहीत. तेथे माणसे गमावली जातात ती मुख्यतः थंडीने, विरळ हवेने, हिमकड्यांनी. म्हणजे गोळी न झाडता, गोळी न झेलता, केवळ तेथे असणे हेच त्यांचे कर्तव्य आणि हीच त्यांची जोखीम. 'आज काही घडले नाही' हे वाक्य तेथून येते, तेव्हा ते न घडण्यासाठी किती माणसे जागी होती, याचा हिशेब त्या वाक्यात मावत नाही.

मात्र निवांत दिवसाचे नुसते गुणगान करणे खरे होणार नाही. त्यात धोका आहे, आणि तो ख्रिस्तसभेच्या जुन्या गुरूंनी फार पूर्वी ओळखला होता. चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात राहणाऱ्या इव्हाग्रियस या तपस्व्याने 'दुपारच्या भुता'चे वर्णन करून ठेवले आहे. हे भूत दिवसा ऐन उन्हात येते. सूर्य जागचा हलत नाही असे वाटते, दिवस पन्नास तासांचा झाला आहे असे वाटते. तपस्वी पुनःपुन्हा खोलीबाहेर डोकावतो, कोणी भेटावयास येते आहे का पाहतो, आपली जागा त्याला नकोशी होते, आपल्या कामात काही अर्थ नाही असे त्याच्या कानात कोणी तरी सांगू लागते. ग्रीक भाषेत त्याला 'अकेडिया' म्हणत. योहान कासियान याने पाचव्या शतकात ही शिकवण पश्चिमेकडील मठांत पोहोचवली. आमच्या मुलाला यातले काही ठाऊक नाही. पण त्याच्या "हिशोब कुठी लावू" या शब्दांत आम्हांस तेच भूत बोलताना ऐकू आले. छावणीतला तरुण आणि वाळवंटातला तपस्वी यांच्यात साम्य बरेच आहे. दोघेही घर सोडून आलेले, दोघांनाही जागा सोडून जाण्याची मुभा नाही, दोघांचाही दिवस घंटेने बांधलेला. आणि दोघांनाही बाहेरच्या शत्रूपेक्षा आतला अधिक छळतो. एकटेपणा, घरची काळजी, व्यसन, मोबाइलच्या पडद्यात बुडून जाणारी रात्र. ही सारी त्या दुपारचीच लेकरे.

येथे आम्हांस शुभवर्तमानातला एक प्रसंग आठवतो, जो आपण दर वर्षी गुड फ्रायडेला ऐकतो, पण ज्याच्याकडे या दृष्टीने सहसा पाहत नाही. क्रुसाखाली सैनिक पहाऱ्यावर होते. त्यांना दुसरे काम नव्हते. क्रुसावरच्या माणसाचा प्राण जाईपर्यंत तेथे थांबावयाचे, इतकेच. वेळ काढण्यासाठी त्यांनी काय केले? प्रभूच्या वस्त्रांची वाटणी केली आणि त्याच्या अखंड विणलेल्या अंगरख्यावर चिठ्ठ्या टाकल्या. ती माणसे फार दुष्ट होती असे शुभवर्तमान म्हणत नाही. ती कंटाळलेली होती. जगाच्या तारणाची घटका डोक्यावर उभी असताना ती खाली मान घालून डाव खेळत होती. पण त्याच जागी, त्याच पहाऱ्यावर, तेवढेच तास एक शताधिपतीही उभा होता. त्याने मान वर केली. तो पाहत राहिला. आणि सायंकाळपर्यंत, त्या ठिकाणी कोणीही ओळखले नव्हते ते त्याने ओळखले, की हा देवाचा पुत्र होय. पहारा एक, वेळ एक, रिकामपण एक. फरक केवळ नजर कोठे होती याचा.

दुसरा एक शताधिपती कफर्णहूमचा. परक्या गावी नेमणुकीवर असलेला हा अधिकारी. त्याने तेथल्या लोकांसाठी सभास्थान बांधून दिले होते असे संत लूक सांगतो. म्हणजे छावणीतला वेळ त्याने कशात घातला याचा पत्ता लागतो. त्याचा सेवक आजारी पडला, तेव्हा त्याने प्रभूला घरी येण्याचा त्रासही घेऊ नये असे कळवले. त्याचे कारण त्याने रणांगणावरचे दिले नाही; छावणीतल्या रोजच्या गणतीतले दिले. आपण एकाला जा म्हटले की तो जातो, दुसऱ्याला ये म्हटले की तो येतो. तसे तुझ्या शब्दानेच काम होईल, असा त्याचा विचार. ज्या रटाळ हुकूमपालनाचा शिपायाला कंटाळा येतो, त्यातूनच या माणसाने श्रद्धा म्हणजे काय ते शिकून घेतले होते. आणि प्रत्येक मिस्सेत ख्रिस्तशरीर स्वीकारण्यापूर्वी आपण सर्व, बिशप असोत की बालक, आपली अपात्रता ज्या शब्दांनी कबूल करतो, ते मूळ त्याचेच आहेत. ख्रिस्तसभेने आपल्या सर्वांत पवित्र क्षणासाठी एका सैनिकाचे बोल निवडले, ही गोष्ट सैनिकांच्या घरांनी मनाशी धरून ठेवावी.

युद्धाविषयी ख्रिस्तसभा नेहमीच सावध राहिली आहे, आणि ते योग्य आहे. द्वितीय व्हॅटिकन विश्वपरिषदेने १९६५ साली आधुनिक जगाविषयीच्या आपल्या दस्तऐवजात युद्धाची कठोर मीमांसा केली. पण जे देशसेवेसाठी सैन्यात आहेत त्यांनी स्वतःला लोकांच्या सुरक्षिततेचे व स्वातंत्र्याचे सेवक मानावे, तसे वागले तर ते शांततेलाच हातभार लावतात, असेही तिने सांगितले. बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाकडे सैनिक आले, तेव्हा त्याने त्यांना नोकरी सोडावयास सांगितले नाही. कोणाला लुबाडू नका, आपल्या वेतनात समाधान माना, असे सांगितले. हाही छावणीतल्या वेळेसाठीच केलेला उपदेश आहे, कारण लुबाडण्याचे विचार लढाईत नव्हे, रिकामपणी सुचतात.

रिकाम्या वेळेने एखाद्या सैनिकाचे काय होऊ शकते, याचे सर्वांत मोठे उदाहरण लोयोलाच्या संत इग्नाशियसचे. २० मे १५२१ रोजी पांप्लोनाच्या किल्ल्यात तोफेच्या गोळ्याने त्याचा पाय मोडला. घरी, लोयोलाच्या गढीत, तो महिनोन् महिने खाटेवर पडून होता. वेळ काढण्यासाठी त्याने शूरवीरांच्या प्रेमकथा मागितल्या. त्या घरात नव्हत्या. मिळाले ते ख्रिस्तचरित्र आणि संतांच्या कथा. त्याने निरुपायाने ते वाचले. मग पडल्यापडल्या त्याच्या एक गोष्ट ध्यानी आली. दरबार, पराक्रम, एखाद्या उमरावकन्येची मर्जी, यांची स्वप्ने पाहताना गोड वाटे, पण नंतर मन कोरडे पडे. संतांसारखे जगण्याची स्वप्ने पाहिली, तर आनंद नंतरही टिके. एवढेसे निरीक्षण, पण त्यातूनच पुढे आत्मिक साधनेची एक पद्धत आणि येशूसंघ उभा राहिला. त्या खाटेवर इग्नाशियसने काही केले नाही. तो आपल्या मनाकडे पाहत राहिला. दिवस भरण्याच्या घाईत माणूस नेमके तेवढेच करावयाचे सोडतो.

आम्ही मुलाला हे सर्व फोनवर सांगितले नाही. फोनवर असे बोलता येत नाही. रेंज तेवढी टिकत नाही, आणि बावीसाव्या वर्षी बापाचा उपदेश तेवढा पचत नाही. आम्ही त्याला आपल्या शेतातली गोष्ट सांगितली. आमच्या तेल्हारा तालुक्याच्या उत्तरेला सातपुडा आहे आणि दक्षिणेकडे पूर्णेचे खोरे. वान नदीवरील हनुमानसागराचे पाणी ज्यांच्या वाट्याला आले ते सुखी. पण खाली खारपाणपट्टा आहे. तेथे जमिनीच्या पोटातले पाणी खारे, विहीर असली तरी पिकाला उपयोगाची नाही. त्या शेतकऱ्याची नजर आभाळाकडे. पऱ्हाटीची सरकी टोबली, तूर टोबली, आणि पावसाने ओढ दिली, की तो सकाळी उठून धुऱ्यावर जाऊन उभा राहतो. करण्यासारखे काही नसते. निंदण नाही, डवरणी नाही. तरी तो जातो. गावातले कोणी त्याला रिकामटेकडा म्हणत नाही. शेताला धनी आहे, हे शेताला आणि गुराढोरांना कळावे लागते. रानडुकरालाही कळावे लागते. मुलाला एवढेच म्हणालो, की तुझ्या आजोबांनी असे कितीतरी दिवस धुऱ्यावर काढले. त्या दिवसांचा हिशेब त्यांनी मागितला नाही, पण शेत राहिले ते त्यांच्या त्या उभे राहण्याने. तो काही वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "हे समजते बाबा. पण आजोबाले चार सालानं कोणी घरी पाठवत नव्हतं."

त्याचे म्हणणे खरे होते. त्याला उत्तर देण्याचा आम्ही प्रयत्न केला नाही. धुऱ्याची उपमा त्याच्या भीतीला पुरत नाही. भीती ही, की ज्या कामासाठी आपण वाट पाहत आहोत, ते काम आपल्या वाट्याला येण्यापूर्वीच आपला वेळ संपेल. मग गावी परतल्यावर लोक विचारतील, तिकडे काय केलेस, आणि आपल्यापाशी सांगावयास काही नसेल. ही भीती पदकाच्या लोभातून येत नाही. आपले आयुष्य कोणाच्या उपयोगी पडले की नाही, हे जाणण्याची ती भूक आहे, आणि ती देवाने दिलेली भूक आहे.

तिच्यासाठी आमच्यापाशी एकच उत्तर आहे, आणि ते आम्ही त्याच्या आईकडून शिकलो. ती म्हणते, प्रभू येशू तीस वर्षे नाझरेथात होता; त्यातल्या बहुतेक दिवसांविषयी शुभवर्तमानात एक ओळ नाही. बाराव्या वर्षीची मंदिरातली हकीकत सोडली, तर काहीच घडल्याची नोंद नाही. जगाचा तारणारा, आणि त्याच्या आयुष्याचा फार मोठा भाग 'आज काही नाही' असा. पवित्र मरियेला त्या दिवसांचे काय वाटले असेल? तिला ते सर्वांत प्रिय असतील, असे त्याची आई म्हणते. कारण पुढे जेव्हा खरोखरच 'काही घडू' लागले, तेव्हा ते कालवारीपर्यंत गेले. हे बोलताना तिचा आवाज किंचित कापतो. आमच्या घरात त्यावर आणखी कोणी काही बोलत नाही.

अलीकडे त्याच्या रविवारांत थोडा बदल झाला आहे. त्याने पदवीच्या परीक्षेचा अर्ज भरला आहे आणि दुपारचे दोन तास पुस्तकाला दिले आहेत. चौघांतला एक तो असेल की नाही, हे कोणास ठाऊक. पण परतणाऱ्या तिघांत असला तर हात रिकामे नसावेत, एवढी त्याची धडपड. सेनेत धर्मशिक्षकांची पदे आहेत. पंडित, ग्रंथी, मौलवी यांच्याबरोबर पाद्रीही असतात. परंतु जेथे ख्रिस्ती जवान दोनतीनच, तेथे पाद्री कोठून यावयाचा? त्यांच्या छावणीत सर्वधर्मस्थळ आहे. तेथे एका कोपऱ्यात पवित्र मरियेची लहानशी तसबीर आहे. केरळचा तो मित्र आणि हा, दोघे मिळून तेथे रोझरीचे एक दशक म्हणतात. एकजण मल्याळममधून, एकजण मराठीतून. मिस्सेविना रविवार म्हणजे काय, हे आमच्यासारख्या लहान गावातल्या मोजक्या ख्रिस्ती घरांना समजावून सांगावे लागत नाही. आपल्याकडेही दर रविवारी मिस्सा मिळतेच असे नाही. त्यामुळे आम्ही ठरवले, की ज्या वेळी तो माळ म्हणतो त्याच वेळी आपणही म्हणावयाची. पूर्वी आया 'जयमाला' लावून बसत, तसेच हे.

या पानांवरून आपल्या धर्मग्रामांतील कुटुंबांना दोन गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. पहिली ही, की आपल्या ओळखीत कोणी सैनिक असेल तर त्याला पत्र लिहा. फोन आहे हे खरे. पण फोन संपतो आणि पत्र उशाखाली राहते. त्यात मोठे काही नको. गावात पाऊस किती झाला, कापसाला भाव काय मिळाला, गायनवृंदात कोण नवे आले, कोणाच्या लग्नाच्या ललकाऱ्या वाचल्या गेल्या, एवढे पुरे. त्याच्या रिकाम्या दुपारीला आपल्या भरल्या दुपारचा एक तुकडा द्यावा. घरच्या अडचणींचे ओझे मात्र त्याच्यावर लादू नये. तेथून त्याला काही करता येत नाही, आणि न करता येणारी गोष्ट रात्रीच्या पहाऱ्यावर फार मोठी होते.

दुसरी अधिक महत्त्वाची. पुढील वर्षांत ही मुले गावोगाव परततील. पंचविशीच्या आतली, अंगात शिस्त असलेली, हातात थोडा पैसा असलेली आणि मनात एक प्रश्न असलेली. त्यांना कोणी "काय पराक्रम केलास?" असे विचारू नये. "राहिला नाहीस का?" असेही विचारू नये. चौघांतील तिघांना परतावयाचेच होते. त्यात त्यांचा दोष नाही. विचारावयाचेच असेल तर असे विचारावे, की तुझ्या पहाऱ्यात सर्वांत लांब रात्र कोणती होती? मग तो बोलू लागेल, आणि काहीच न घडलेल्या त्या दिवसांत किती घडले होते, ते त्याचे त्यालाच उमगेल. धर्मग्रामातील युवासंघ, पतपेढी, शाळा यांनी या मुलांसाठी काम शोधून ठेवावे. स्वागताच्या हारापेक्षा ते अधिक टिकेल.

मिस्सेतील श्रद्धावंतांच्या प्रार्थनांत आपण आजारी माणसांसाठी, मृतांसाठी, पावसासाठी मागणे मागतो. युद्ध पेटले की सैनिकांसाठीही मागतो; ते विझले की विसरतो. आमचे मागणे असे, की जेव्हा वर्तमानपत्रांत सीमेची बातमी नसते, त्या साध्या रविवारीही एक विनवणी त्यांच्यासाठी असावी. जे आज पहाऱ्यावर आहेत आणि जे पहाऱ्याबाहेर बसून वेळ काढीत आहेत, त्यांच्या नजरा प्रभूने वर उचलाव्यात. त्यांच्या दुपारी सोप्या कराव्यात. आणि त्यांचा आजचा दिवस काहीही न घडता मावळू द्यावा.